आघातपरिणाम-मापन

भीषण घटनेचा मनावर झालेला परिणाम प्रमाणित प्रश्नावली व मुलाखत यांद्वारे अंकांत मोजण्याची पद्धती (पहा : मनोमापन).

उगम : मार्डी होरोविट्झ व सहकाऱ्यांनी 1979 मध्ये 15 विधानांची ‘इम्पॅक्ट ऑफ इव्हेंट स्केल’ ही श्रेणी तयार केली. अमेरिकी मानसोपचार संघटनेने 1980 मध्ये आघातोत्तर तणाव विकाराचा निदानसूचीत समावेश केला. वाइस व मार्मर यांच्या सुधारित श्रेणीत (1997) 22 विधाने आहेत.

वैशिष्ट्ये : सुधारित श्रेणीत अनाहूत आठवणी (8), टाळाटाळ (8) व अतिसावधता (6) असे विधानांचे तीन गट असतात. मागील सात दिवसांतील त्रासाला प्रत्येक विधानामागे 0 ते 4 गुण दिले जातात. कमाल बेरीज 88. श्रेणी प्राथमिक चाळणीपुरती असून निदानासाठी चिकित्सकाची मुलाखत आवश्यक असते. भाषांतरित श्रेणीची विश्वसनीयता व सप्रमाणता स्वतंत्रपणे तपासावी लागते.

महत्त्व : मुंबईत 12 मार्च 1993 रोजी दादरच्या प्लाझा चित्रपटगृहासह अनेक ठिकाणी झालेले बाँबस्फोट, 11 जुलै 2006 चे लोकल गाड्यांतील स्फोट, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावरील 29 सप्टेंबर 2017 ची चेंगराचेंगरी यांसारख्या घटनांत जखमींची नोंद रुग्णालयांत होते, पण शारीरिक इजा न झालेले प्रत्यक्षदर्शी, नातेवाईक व मदतकर्ते त्या नोंदीबाहेर राहू शकतात. त्यांपैकी उपचारांची गरज असलेल्यांचा शोध या मापनाने घेता येतो (पहा : आघातोत्तर तणाव विकार, आपत्ती व्यवस्थापन).