मुख्याध्यापकाची खुर्ची आणि ज्येष्ठतेची यादी



वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी 'शिक्षणावर काहीतरी लिहा' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हणालो. आम्ही सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आयुष्य काढलेला माणूस. आमची शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. पण आमच्या घरातल्या एका मास्तरांच्या प्रकरणात शाळांचा कायदा आम्हाला जवळपास पाठ झाला. ती हकिकत आणि तिच्या मागचा इतिहास इथे मांडतो.

सातारा आणि सांगली हा मुळात एकच मुलूख. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि 1960 साली दक्षिण साताऱ्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. याच मुलखात 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. याच मुलखात 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्याला नेली आणि सर्व जातींची मुले एका वसतिगृहात एका पंगतीला बसवली. शाळा काढायच्या तर मास्तर पाहिजेत, हे कर्मवीरांनी ओळखले होते. म्हणून 1935 साली साताऱ्यात अध्यापक विद्यालय निघाले आणि 1955 साली आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. आपल्या कितीतरी माणसांच्या हातात खडू आला तो असल्या ठिकाणांहून.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे भांडण तिच्यावर आहे. आपली पहिली शिकलेली पिढी बहुतेक डी.एड. झाली. बी.ए. आणि वर बी.एड. करायला घरात दम नव्हता. मॅट्रिक व्हायचे, दोन वर्षे ट्रेनिंग करायचे आणि पगार घरात आणायचा. पदवी मग नोकरी करता करता, बाहेरून परीक्षा देऊन, रात्री कंदिलाजवळ बसून. ज्यांच्या घरी दोन एकर बागायत होती ती मुले सरळ पदवी आणि बी.एड. घेऊनच शाळेत आली. दोघे एकाच खोलीत शिकवायचे. मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की मोठा कोण, हा प्रश्न उभा राहायचा.

पूर्वी खाजगी शाळांचा कारभार माध्यमिक शाळा संहितेवर चाले. तिला कायद्याचे बळ नव्हते, म्हणून संस्थाचालकांच्या मनाला येईल तो मुख्याध्यापक. मग 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. तो 15 जुलै 1981 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी नियमावलीही आली. नियम 3 सांगतो की माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक पदवीधर आणि बी.एड. असला पाहिजे. पदवीनंतर शिकवण्याचा निदान 5 वर्षांचा अनुभव पाहिजे, आणि त्यातली निदान 2 वर्षे बी.एड. नंतरची. अशा पात्र माणसांत जो सर्वांत ज्येष्ठ आणि ज्याची नोकरी समाधानकारक, त्यालाच नेमायचे. संस्थेच्या शाळा अनेक असतील तर सगळ्या शाळांची मिळून ज्येष्ठता धरायची.

ज्येष्ठ कोण हे अनुसूची फ ठरवते. ही अनुसूची म्हणजे एक शिडी आहे. पदवी आणि बी.एड. वाले प्रवर्ग क मध्ये. पदवी आणि डी.एड. वाले त्याच्या खालच्या पायरीवर. मात्र तेव्हाच्या नियमाने पदवीधर डी.एड. शिक्षकाची ट्रेनिंगनंतर 10 वर्षे नोकरी झाली की तोही वर चढून प्रवर्ग क मध्ये येई. एका प्रवर्गात जो आधी आला तो मोठा, आणि दोघे एकाच दिवशी आले तर वयाने मोठा तो मोठा. म्हणजे पात्रता वेगळी आणि ज्येष्ठता वेगळी. बी.एड. पाहिजे ते मुख्याध्यापक होण्यासाठी; ज्येष्ठता बी.एड. च्या आधीपासूनही सुरू होऊ शकत असे. कोर्टात वर्षानुवर्षे जी प्रकरणे चालतात त्यातली पुष्कळशी या दोन गोष्टींची सरमिसळ झाल्याने.

आमच्या दाजींचे तसेच झाले. दाजी 1979 साली डी.एड. म्हणून एका हायस्कूलला लागले. 1986 ला बाहेरून बी.ए. झाले. 1989 ला 10 वर्षे भरली, म्हणजे नियमाने ते प्रवर्ग क मध्ये आले. 1990 ला त्याच शाळेत एक बी.एस्सी. बी.एड. सर आले. दाजींनी 1994 ला बी.एड. ही केले. 1999 साली मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि खुर्ची मिळाली त्या सरांना. कारण काय, तर संस्थेच्या यादीत दाजींचा प्रवर्ग क 1994 पासून धरला होता. आणि त्या यादीवर दर वर्षी दाजींची सही होती! आम्ही विचारले, "दाजी, न वाचता सही केलीत?" तर म्हणाले, "शिपाई रजिस्टर घेऊन यायचा, सगळेच करायचे. तासाला जायची घाई असायची."

नियम 12 प्रमाणे यादी प्रत्येक शिक्षकाला फिरवायची असते, प्रत देऊन सही घ्यायची असते, हरकत असेल तर विचारात घ्यायची असते आणि वाद मिटला नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवायचा असतो. सही ही प्रत पोचल्याची असते, कबुलीची नव्हे. पण भांडणाच्या वेळी समोरचा वकील तीच सही पुढे करतो.

आता आमची चूक सांगतो. कायद्याच्या कलम 9 प्रमाणे बढतीत डावलले गेलेल्या शिक्षकाने 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील करायचे असते. आम्हाला हे तेव्हा माहीत नव्हते. युनियनमध्ये आमचा हात अर्जावर बसलेला. निवेदन द्यायचे, शिष्टमंडळ न्यायचे, साहेबांना भेटायचे. दाजींनाही तेच सांगितले. आम्ही स्वतः बसून सात अर्ज लिहून दिले. प्रत्येकाची पोच घेतली आणि फार मोठे काम केले असे समजलो. चार महिने गेले. मग एका वकीलसाहेबांनी कागद पाहिले आणि विचारले, "तीस दिवस कुठं गेले?" उशीर माफ करायचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे, पण त्याला पुरेसे कारण दाखवावे लागते. कारण म्हणून आमचे सात अर्ज जोडले. उशीर माफ झाला, तारखा सुरू झाल्या.

दोन वर्षांनी दाजींनी अपील मागे घेतले. थोरल्या मुलीचे लग्न ठरले होते, जिंकलो तरी संस्था मुंबईला हायकोर्टात जाणार हे वकिलांनी सांगितले होते, आणि मधल्या माणसांनी पर्यवेक्षकाची जागा देऊ केली होती. ती त्यांनी घेतली. आम्ही वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही. चळवळीतला माणूस लिहिलेला हक्क कसा सोडतो, असे आमचे म्हणणे. हप्ता त्यांना भरायचा होता आणि शाळेत रोज तोंड त्यांना दाखवायचे होते, हे आमच्या ध्यानात यायला वेळ लागला. ते 2013 साली पर्यवेक्षक म्हणूनच निवृत्त झाले.

आपल्या संस्थांबद्दलही बोलले पाहिजे. 1993 साली केंद्राने बौद्धांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. या कायद्याच्या कलम 3 मध्ये अल्पसंख्याक शाळेला मुख्याध्यापक निवडायची मोकळीक आहे, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की अशा संस्थेने ज्येष्ठता बाजूला ठेवून पात्र माणूस प्रमुख नेमला तर चालते. ही सवलत संस्थेला आहे. पण तिथल्या ज्येष्ठ शिक्षकाला ती डावलल्यासारखीच लागते, मग चालक आपलेच का असेनात. यावर विहारात एकदा मोकळी चर्चा व्हावी असे आम्हाला वाटते.

अलीकडे दोन गोष्टी घडल्या. 18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झाले. सातारा-सांगलीच्या माणसाला मुंबईची रात्रीची गाडी धरायला नको. आणि 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची 5 वर्षांहून जास्त नोकरी उरली आहे, त्यांनी 2 वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे. ज्यांची त्याहून कमी उरली आहे ते नोकरीत राहतील, पण टीईटी शिवाय त्यांना बढती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला आहे. म्हणजे मुख्याध्यापकाच्या वाटेवर आता आणखी एक कागद आला.

दाजींची धाकटी मुलगी 2009 पासून एका खाजगी प्राथमिक शाळेत शिकवते. डी.एड. वर लागली, तेव्हा आपल्याकडे टीईटी नव्हती. आता चाळिशीत पोरांना झोपवून ती बालमानसशास्त्राची पुस्तके उघडते. मागच्या महिन्यात शाळेने ज्येष्ठतेची यादी फिरवली. तिने शिपायाला सांगितले, "प्रत द्या, उद्या सही करते." रात्री ती प्रत घेऊन माहेरी आली. दाजींनी चष्मा लावला, तिच्या नावासमोरच्या तारखेवर बोट ठेवले आणि नेमणुकीचा कागद मागितला.