द्राक्षांच्या वाटेवरचे विणकर

नाशिकच्या सुला मळ्यातील पहिली वाइन २००० साली निघाली. तेव्हापासून द्राक्षमळ्यांच्या सहलीला जाणारे पुष्कळ झाले आहेत. सोलापूरकरांनी मात्र ही सहल तीन मुक्कामांची करावी, असे आम्हांस वाटते.

पहिला मुक्काम तेर, म्हणजे प्राचीन तगर. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथानुसार येथील जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जाई. त्याच बंदरात इटलीचे मद्य उतरे. दुसरा मुक्काम नेवासे. तेथील उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरे सापडली. कापड गेले, मद्य आले. परंतु ते विणकराच्या ओठी लागले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

मग विणकराला काय मिळाले? त्यासाठी तिसरा मुक्काम : नाशिकची पांडवलेणी. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने कायमचे ठेवले. वर्षाच्या २४० कार्षापणांतून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारांचे वस्त्र मिळावयाचे होते. दुसऱ्या विणकर-श्रेणीकडे १००० ठेवले, पाऊण टक्क्याने.

श्रेणी म्हणजे आजची युनियन नव्हे, हे खरे. तरीही राजाच्या जावयाने एवढी ठेव एकट्यादुकट्या विणकराकडे नव्हे, तर त्यांच्या संघाकडे ठेवली. संघटना हे परदेशातून आलेले खूळ आहे, असे आम्हांस अनेकदा ऐकविण्यात आले. त्याचे उत्तर नाशिकच्या दगडात कोरलेले आहे.