दुरुस्ती की नवी खरेदी?

घरातला व्हॅक्यूम क्लीनर बंद पडला की घरात दोन पक्ष होतात. एक म्हणतो, दुरुस्त करून आणू. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशांत थोडी भर घालून नवाच घेऊ. हा वाद सुरुवातीच्या काळात नव्हता, कारण तेव्हा हे यंत्र कुणाच्या घरी नसायचंच.

ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्यानं १९०१ मध्ये धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. ते इतकं अवजड होतं की घोडागाडीवरून आणून रस्त्यात उभं करायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडायच्या. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे बूथच्याच यंत्रानं साफ केले. लोक पैसे मोजायचे ते सफाईचे. यंत्र कंपनीचं, त्यामुळे बिघाडही कंपनीचाच.

यंत्र घरात आणलं ते अमेरिकेतल्या एका झाडूवाल्यानं. ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात सफाईचं काम करत. दम्याचा त्रास, त्यात रोजची धूळ. त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरतं यंत्र बनवलं. १९०८ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि ते विल्यम हूवर यांनी विकत घेतलं. पुढे इंग्लंडात ‘हूवर’ हे नाव झाडलोटीचं क्रियापदच होऊन बसलं.

सत्तरच्या दशकाअखेरीस इंग्लंडातल्या जेम्स डायसन यांच्या घरचं यंत्र धूळ ओढेनासं झालं. त्यांनी ते उघडलं. पिशवीची सूक्ष्म छिद्रं धुळीनं बुजली होती. मग पिशवीच नको, हवा भोवऱ्यासारखी फिरवून धूळ वेगळी करू, या कल्पनेवर त्यांनी ५,१२७ नमुने केले.

आपल्याकडे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या युरेका फोर्ब्सच्या विक्रेत्यांनी दारोदार फिरून, प्रात्यक्षिकं दाखवून हे यंत्र मध्यमवर्गीय घरांत पोचवलं.

यंत्र घरात आलं, तसा बिघाडही आपला झाला. सुटा भाग मिळत नाही किंवा त्याची किंमत ऐकूनच माणूस नवं घेतो, अशी वेळ येऊ लागली. म्हणून कायद्याला लक्ष घालावं लागलं. युरोपीय संघानं २०१३ मध्ये केलेला नियम सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला : मोटर किमान ५०० तास चालली पाहिजे आणि नळी ४०,००० वेळा वाकवूनही टिकली पाहिजे. आठवड्याला एक तास धरला, तर ५०० तास म्हणजे साडेनऊ वर्षं. २०२४ च्या युरोपीय निर्देशात हमीची मुदत संपल्यावरही दुरुस्ती करून देण्याचं बंधन उत्पादकांवर घालण्यात आलं. त्या यादीत व्हॅक्यूम क्लीनर आहे. भारत सरकारनंही २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे संकेतस्थळ सुरू केलं.

तरीही पहिली तपासणी आपलीच. प्लग काढून पिशवी, फिल्टर आणि नळी पाहावी. हवा अडली की मोटर तापते आणि अनेक यंत्रं स्वतःहून बंद होतात. सगळं मोकळं असूनही मोटर फिरत नसेल, तर कारागिराला कार्बन ब्रश बघायला सांगावेत. ते झिजण्यासाठीच असतात आणि बदलता येतात. एवढं झाल्यावरही यंत्र हलेना, तर नव्याचा विचार करावा. मात्र घेताना दुकानदाराला एक प्रश्न जरूर विचारावा : याचे सुटे भाग किती वर्षं मिळतील?