कुलूप आणि निरोप : बर्कले युनिक्समधील एका संहितेचा इतिहास

'संहिता' हा शब्द साहित्याच्या वर्गात उच्चारला जातो तेव्हा तिच्यामागे अनेक हात आपण गृहीत धरतो. कोणी ती लिहितो, कोणी नकलतो, कोणी दुरुस्त करतो, कोणी तिच्यावर भाष्य करतो. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम हीदेखील अशीच बहुहस्ती संहिता असते. ती यंत्राने चालवावी म्हणून लिहिलेली असते, तशीच ती पुढच्या प्रोग्रामरने वाचावी आणि न बिघडवता बदलावी म्हणूनही लिहिलेली असते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात घडलेल्या युनिक्समधील नेटवर्कच्या भागाचा इतिहास आम्ही येथे या दृष्टीने पाहणार आहोत. त्यातला एकच प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो. एखादी नोंद अनेकांना एकाच वेळी वाचावयाची व बदलावयाची असेल, तर तिच्यावर कोणाचा हात केव्हा पडावा, हे कसे ठरवावयाचे? या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली. पहिले कुलपाचे, दुसरे निरोपाचे.

१ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेतील 'आर्पानेट' या जाळ्याने टीसीपी/आयपी ही संपर्काची नवी नियमपद्धती स्वीकारली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्कलेहून '४.२ बीएसडी' ही युनिक्सची आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ही नियमपद्धती असंख्य विद्यापीठांत पोहोचली. बिल जॉय आणि सॅम लेफ्लर हे या कामातील प्रमुख होते. ज्या यंत्रांसाठी ही संहिता मुख्यतः लिहिली गेली त्यांत प्रोसेसर एकच असे, म्हणजे काम करणारा हात एकच. धोका होता तो व्यत्ययाचा. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, एखादी यादी बदलत असतानाच तारेवरून नवे पॅकेट आले, तर प्रोसेसर हातातले काम अर्धवट टाकून तिकडे धावे आणि तीच अर्धवट बदललेली यादी वाचू लागे. यावर उपाय म्हणून नाजूक ओळींच्या आधी 'स्प्लनेट' हे फंक्शन बोलावीत. त्याचा अर्थ एवढाच, की हे संपेपर्यंत नेटवर्कची हाक ऐकू नये. ओळी संपल्या की पूर्वीची स्थिती परत आणावयाची. याला कुलूप म्हणणेही फारसे बरोबर नाही. घरात एकटाच माणूस असेल तर कुलपाची गरज नसते, दारावरची घंटा थोडा वेळ बंद ठेवली तरी पुरते.

१९९० च्या '४.३ बीएसडी रेनो' या आवृत्तीत याच संहितेत एक वेगळी कल्पना आली. पॅकेट कोणत्या वाटेने पाठवावयाचे याचा तक्ता कर्नलमध्ये असतो, त्याला रूटिंग टेबल म्हणतात. कीथ स्क्लोअर यांनी हा तक्ता वृक्षाच्या रूपात बांधला आणि तो बदलण्यासाठी 'रूटिंग सॉकेट' ही सोय आली. कर्नलबाहेरच्या प्रोग्रामने तक्त्याला स्वतः हात लावावयाचा नाही, 'ही वाट जोड', 'ही वाट काढ' असा संदेश पाठवावयाचा. कर्नल बदल करतो आणि तो झाल्याचे, किंवा फसल्याचे, वर्तमान कान देऊन बसलेल्या सर्व प्रोग्रामना कळवितो. कोणाच्या संदेशाचे हे उत्तर आहे ते ओळखता यावे म्हणून संदेशात पाठविणाऱ्याचा आणि संदेशाचा क्रमांकही असतो. म्हणजे कर्नलच्या वेशीवर निरोपाची रीत आली होती. वेशीच्या आत मात्र अजून 'स्प्लनेट'चेच राज्य होते.

एका यंत्रात दोन, चार प्रोसेसर येऊ लागले तेव्हा ही व्यवस्था कोसळली. एकाने आपल्या दारावरची घंटा बंद केली तरी दुसरा प्रोसेसर मागच्या दाराने आत येऊन तीच यादी उचलू शकत होता. पहिला उपाय ढोबळ होता. संपूर्ण कर्नलला एकच मोठे कुलूप लावावयाचे आणि एका वेळी एकाच प्रोसेसरला आत घ्यावयाचे. लिनक्सच्या २.० या आवृत्तीने १९९६ मध्ये हेच केले. बर्कलेच्या परंपरेतील फ्रीबीएसडीने १९९८ च्या ३.० या आवृत्तीत हीच वाट धरली आणि तेथे त्या कुलपाला पुढे 'जायंट' हे नाव पडले. चार प्रोसेसर विकत घ्यावेत आणि तिघांनी दाराबाहेर उभे राहावे, असा हा प्रकार होता. म्हणून २००० मध्ये फ्रीबीएसडीने मोठे कुलूप फोडून त्याची अनेक लहान कुलपे करण्याचा प्रकल्प हाती घेतला.

नेटवर्कच्या संहितेत हे काम विशेष अवघड ठरले, आणि त्याचे कारण तिच्या रचनेतच होते. बाहेर जाणारे पॅकेट वरून खाली उतरते: सॉकेट, मग टीसीपी, मग आयपी, मग नेटवर्क कार्ड. आत येणारे पॅकेट याच पायऱ्या खालून वर चढते. प्रत्येक पायरीवर कुलूप असेल, तर उतरणारा वरचे कुलूप धरून खालच्याची वाट पाहतो आणि चढणारा खालचे धरून वरच्याची. दोघेही जन्मभर थांबतात. हाच डेडलॉक. तो टाळण्यासाठी कुलपे कोणत्या क्रमाने उघडावीत याचा नियम ठरवावा लागतो आणि हजारो ओळींत तो सर्वांनी पाळावा लागतो. फ्रीबीएसडीत तर 'विटनेस' नावाची एक साक्षीदार यंत्रणाच त्यासाठी आहे. प्रोग्राम चालू असताना कुलपांचा क्रम उलटला की ती तक्रार करते. २००३ मध्ये रूटिंग टेबलमधल्या प्रत्येक नोंदीला स्वतंत्र कुलूप देण्याचे काम ज्याने केले तो प्रोग्रामर होता सॅम लेफ्लर. १९८३ मध्ये ज्याने ही संहिता घडविण्यास हातभार लावला होता, त्यालाच वीस वर्षांनी तिच्यात कुलपे बसवावी लागली.

याच सुमारास फ्रीबीएसडीतील एक अनुभवी प्रोग्रामर, मॅथ्यू डिलन, या मार्गाविषयी साशंक झाले होते. कुलपे वाढत जातील, त्यांचे नियम कोणाच्याच डोक्यात मावणार नाहीत आणि संहिता कोणालाच निःशंकपणे बदलता येणार नाही, असे त्यांचे मत होते. सहकाऱ्यांशी मतभेद विकोपाला गेले आणि प्रकल्पाच्या संहितेत थेट लिहिण्याचा त्यांचा अधिकारही काढून घेण्यात आला. १६ जुलै २००३ रोजी त्यांनी फ्रीबीएसडीच्या चौथ्या मालिकेवरून फुटून निघणाऱ्या 'ड्रॅगनफ्लाय बीएसडी' या नव्या प्रकल्पाची घोषणा केली. डिलन पूर्वी अमिगा या घरगुती संगणकासाठी प्रोग्राम लिहीत. अमिगाच्या सिस्टिममध्ये निरनिराळी कामे एकमेकांना संदेश पाठवून चालत. वेशीपुरती राहिलेली निरोपाची रीत त्यांनी कर्नलच्या आत आणली.

ती कशी, हे पाहण्यासारखे आहे. आलेल्या पॅकेटवर दोन पत्ते आणि दोन पोर्ट क्रमांक असतात. या चौघांवरून एक गणित करावयाचे आणि उत्तर येईल त्या प्रोसेसरच्या नेटवर्क-थ्रेडकडे पॅकेट संदेशरूपाने धाडावयाचे. एका जोडणीच्या प्रत्येक पॅकेटसाठी गणिताचे उत्तर एकच येत असल्यामुळे त्या जोडणीच्या नोंदी एकाच थ्रेडच्या हातात राहतात. दुसरा कोणी हात लावणारच नसेल तर कुलूप कशाला? रूटिंग टेबलची प्रत तर प्रत्येक प्रोसेसरकडे स्वतंत्र असते. नवी वाट जोडावयाची झाली की संदेश पहिल्या प्रोसेसरकडे जातो, तो आपली प्रत सुधारतो आणि संदेश पुढच्याकडे सरकवितो. एका गावची डाक दुसऱ्या गावी पोहोचवावी तसा निरोप फिरत जातो.

या रीतीलाही किंमत आहे. निरोप वाटेत असताना एका प्रोसेसरची प्रत नवी आणि दुसऱ्याची जुनी असते. यंत्रातून नवी जोडणी बाहेर काढताना स्वतःचा पोर्ट अजून ठरलेला नसतो, म्हणून गणितही करता येत नाही. पोर्ट ठरल्यावर ते काम योग्य प्रोसेसरकडे पाठवावे लागते. रांगेत उभ्या राहिलेल्या संदेशाचा वेळ जातो तो वेगळाच. शिवाय ड्रॅगनफ्लायलाही केवळ निरोपावर भागविता आले नाही. तेथे 'टोकन' नावाचे एक सौम्य कुलूप आहे. ते धरणारा थ्रेड झोपी गेला तर टोकन आपोआप सुटते आणि जागा झाल्यावर त्याला परत मिळते.

या वादाच्या पुष्कळ आधी, १९७८ मध्ये, ह्यू लॉअर आणि रॉजर नीडहॅम यांनी एका निबंधात दाखविले होते की निरोपांवर उभी असलेली सिस्टिम आणि कुलपांवर उभी असलेली सिस्टिम एकमेकींची प्रतिबिंबे आहेत. एकीतला प्रोग्राम दुसरीत उतरविता येतो आणि कार्यक्षमतेतही मूलतः फरक पडू नये. हे खरे असेल तर २००३ ची फूट निरर्थक ठरते काय? आम्हांला तसे वाटत नाही. दोन्ही पद्धती यंत्राला समान असतील, परंतु वाचकाला त्या समान नाहीत. कुलपांच्या संहितेत एखादी ओळ वाचून ती निर्धोक आहे की नाही हे त्या ओळीवरून कळत नाही. येथे येण्यापूर्वी कोणती कुलपे कोणत्या क्रमाने उघडली गेली, हे दूर कोठेतरी, टिपणांत किंवा जुन्या जाणत्यांच्या स्मरणात असते. निरोपाच्या संहितेत नोंदीचा मालक रचनेतूनच दिसतो. मात्र तेथे घटनांचा क्रम विखुरतो. एका प्रसंगाची कथा चार थ्रेडांत वाटली जाते आणि ती जुळवीत बसण्याचे काम वाचकाकडे येते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. नोव्हेंबर २००४ च्या फ्रीबीएसडी ५.३ मध्ये नेटवर्कचा बहुतेक भाग 'जायंट'शिवाय चालू लागला. लिनक्समधील मोठे कुलूप २०११ मध्ये पूर्णपणे निघाले. कुलपे फोडणाऱ्यांचे काम तडीस गेले, आणि ड्रॅगनफ्लाय हा लहान प्रकल्पच राहिला. पण पत्ते व पोर्ट यांवरून गणित करून पॅकेट प्रोसेसरांत वाटण्याचे काम आता नेटवर्क कार्डेच करतात, आणि प्रत्येक प्रोसेसरची माहिती शक्य तेवढी वेगळी ठेवावी हे तत्त्व कुलपांच्या बाजूलाही मान्य आहे. तेव्हा हार-जितीच्या भाषेत हा इतिहास सांगण्यात फारसा अर्थ नाही.

साहित्याच्या अभ्यासकाने यातून काय घ्यावे? आमच्या मते एवढेच, की अनेक हातांच्या संहितेत नियम असतोच. तो कोठे लिहिलेला आहे, हे शोधावे लागते. तो जाणत्यांच्या स्मरणात असेल, तर ते जाणते निघून गेल्यावर संहितेला हात लावण्याचे धाडस कोणी करीत नाही. आणि जिला कोणी हात लावीत नाही ती संहिता, मग ती पोथी असो वा प्रोग्राम, जपलेली दिसली तरी तिचे वाचन थांबलेले असते. डिलन यांचा मार्ग बरोबर होता की नाही यावर प्रोग्रामर खुशाल वाद घालोत. त्यांनी व्यक्त केलेली भीती मात्र आपल्याही ओळखीची आहे.