रंगालाही प्रमाण असतं

१९४० च्या उन्हाळ्यात इंग्लिश खाडीवर लढणाऱ्या जर्मन मेसरश्मिट १०९ विमानांच्या बाजू फिकट निळ्या होत्या. खाडीच्या काळपट पाण्यावर तो रंग लांबूनच डोळ्यांत भरू लागला. मग तळावरच्या माणसांनी हाती लागेल त्या साधनाने, कुणी फवारून, कुणी ब्रशने, कुणी स्पंजने, त्यावर करडे-हिरवे डाग उठवले. म्हणून एका तुकडीचं विमान दुसरीसारखं दिसत नाही. हे विमान १:७२ प्रमाणातलं मॉडेल-किट होऊन टेबलावर येतं तेव्हा त्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जेमतेम १४ सेंटीमीटर भरतात, आणि ते डागही त्याच मापात उतरवायचे असतात.

मॉडेल रंगवण्याच्या या विद्येत नव्याने पाऊल टाकणाऱ्याला मी आधी प्रमाणाचा हिशोब सांगतो. फवारलेल्या डागाची कड विरत जाते. खऱ्या विमानावर ती विरणारी कड ७ सेंटीमीटर असेल, तर मॉडेलवर ती १ मिलिमीटर हवी. साध्या ब्रशने रंगाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जाड बसला, तर खऱ्या विमानावर तो ७ मिलिमीटरचा लेप झाला असता. पत्र्याचे सांधे आणि रिव्हेट त्याखाली बुजले असते. किटचा साचा कितीही अचूक असो, रंग माणसाच्या मापाचा राहिला की विमान खेळणं दिसतं. हवेच्या झोताने रंग फवारणारा एअरब्रश हवा आहे तो यासाठी.

चार्ल्स बर्डिकने १८९० च्या दशकात एअरब्रशचं पेटंट घेतलं. आजच्या एअरब्रशच्या नोझलचं छिद्र साधारण ०.२ ते ०.३ मिलिमीटर असतं. ट्रिगर खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. सुरुवात हवेने करायची आणि थांबताना रंग आधी बंद करायचा. हे बोटात मुरायला वेळ लागतो. रंग दुधाइतका पातळ हवा. त्याहून पाणचट झाला आणि नोझल जवळ नेलं, तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात. लांबून मारला तर थेंब वाटेतच सुकून पृष्ठभाग खरखरीत होतो. एका जुलैत कॉम्प्रेसरच्या नळीत साठलेलं पाणी माझ्या जवळजवळ पुऱ्या झालेल्या पंखावर थुंकलं गेलं. आपल्याकडच्या पावसाळ्यात नळीला पाणी अडवणारा फिल्टर लावायलाच हवा. खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क, हेही तितकंच आवश्यक.

पेणच्या गणपती कारखान्यांत अंगाचा रंग फवाऱ्याने चढतो, पण डोळ्यांची आखणी हाताच्या ब्रशनेच होते. इथेही तसंच आहे. वैमानिकासमोरच्या तबकड्यांसाठी बारीक ब्रशला पर्याय नाही.

पहिले काही दिवस मात्र किट उघडू नका. आइस्क्रीमचे प्लास्टिकचे चमचे घ्या. त्यांची गोलाई विमानाच्या पोटासारखी असते. आधी फिकट निळा द्या, तो सुकला की करड्याचे डाग, मुगाच्या दाण्याहून लहान, कड विरलेली.