विलंबाचें गणित

दूरच्या गांवीं राहून पत्रांनीं घरचा कारभार चालविणाऱ्या गृहस्थाची अडचण सर्वांच्या परिचयाची आहे. पत्र पोंचेपर्यंत परिस्थिति पालटलेली असते, आणि योग्य म्हणून दिलेली आज्ञा अयोग्य ठरते. निसर्गांतील कित्येक व्यवहार असेच विलंबानें चालतात. परंतु अशा विलंबांतून केवढा गोंधळ उपजूं शकतो, हें ध्यानांत यावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

१९६१ सालीं अमेरिकेंतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनीं गणकयंत्रावरील एक हिशेब मधूनच पुन्हा सुरू केला. यंत्रांतील ०.५०६१२७ या आंकड्याऐवजीं त्यांनीं कागदावर छापलेला ०.५०६ हा आंकडा घातला. एवढ्याशा फरकानें यंत्रांतील हवामान कांहीं काळानें मूळ मार्गापासून सर्वस्वीं निराळें झालें. नियम अचूक असूनहि भाकित फसतें, हा त्यांतील धडा होय. यासच पुढें 'केऑस' हें नांव पडलें.

१९६३ सालच्या लॉरेंझ यांच्या समीकरणांत एका क्षणाची स्थिति सांगावयास तीन आंकडे पुरत. १९७७ सालीं माँट्रियल येथील मॅक्गिल विद्यापीठांतील मायकेल मॅकी व लिऑन ग्लास यांनीं रक्तपेशींच्या संख्येसाठीं विलंबयुक्त समीकरण मांडलें. पेशी कमी झाल्या कीं अस्थिमज्जा नव्या घडवूं लागते; परंतु त्या रक्तांत येईपर्यंत कांहीं दिवस लोटतात. म्हणजे आजची आवक हें पूर्वींच्या टंचाईस दिलेलें उत्तर असतें. विलंब अल्प असतां संख्या स्थिर राहते. तो वाढला कीं ती लाटांप्रमाणें चढूं-उतरूं लागते. आणखी वाढला कीं लाटांचा नियमितपणाहि लोपतो.

येथें 'आतांची स्थिति' हा शब्दप्रयोगच अपुरा पडतो. पुढचें सांगावयास विलंबाच्या साऱ्या अवधींतील प्रत्येक क्षणाची संख्या ठाऊक असावी लागते. त्या गतकालांत कोठेंहि पडलेली सूक्ष्म चूक विलंबकालानंतर पुन्हा हजर होते आणि फेरीगणिक वाढूं शकते. १९८२ सालीं डॉइन फार्मर यांना या समीकरणाच्या अभ्यासांत असें आढळलें कीं, विलंबाबरोबर गतीची गुंतागुंत वाढत जाते, तरी अनिश्चिततेच्या वाढीचा एकूण वेग जवळजवळ तेवढाच राहतो.

कांहीं विकारांचें मूळ शरीराच्या नियंत्रणाची गति पालटण्यांत असूं शकेल, ही नवी दृष्टि मॅकी व ग्लास यांनीं दिली. रुग्णाच्या रक्ताचा एका दिवसाचा आंकडा पाहून निर्णय घेणाऱ्यास हें विसरून चालणार नाहीं. आजचा आंकडा आज घडलेलाच नसतो.