जात्याला पुन्हा टाकी लावली

नातीला सिलिअॅक असल्याचं कळलं, त्या रात्री मी मांडणीवरचे सगळे डबे खाली उतरवले. माझं माहेर शहापूर तालुक्यातलं किन्हवली, सासर मुरबाडचं. दोन्हीकडे खाचरात भात आणि वरकसावर नाचणी-वरई. पोरीच्या आतड्याला गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही म्हटल्यावर पहिला विचार आला, आपल्याकडे गहू होताच कुठे?

आजीच्या घरी गहू दिसायचा तो सणाला. रोजची भाकरी तांदळाची, नाहीतर नाचणीची. १९५६ साली अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला आणि रेशनवर लाल गहू आला. पुढे हरितक्रांतीचा गहू आला. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो ठरला. माझ्या डोळ्यांदेखत चपाती रोजची झाली.

गव्हामुळे आतडं बिघडतं, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी १९५० साली प्रबंधात मांडलं. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची जुनी शंका पक्की झाली होती.

त्या रात्री डब्यांत गहू कुठे कुठे निघाला! हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा. इराण-अफगाणिस्तानातून येणारा हिंगाचा चीक फार उग्र, म्हणून तो पिठात आणि डिंकात बांधायची जुनी रीत आहे. मेतकुटात गहू, थालिपिठाच्या भाजणीत गहू. दुधात घालायच्या पावडरीत माल्ट, म्हणजे बहुधा जव, आणि तेही चालत नाही. तांदळाचे पापड शुद्ध, पण मी ते कुरडयांच्याच तेलात तळत होते.

पाकिटावर गहू असल्याचं छापणं आता बंधनकारक आहे, आणि किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असेल तर 'ग्लुटेनमुक्त' म्हणता येत नाही. गिरणीतल्या दळणावर मात्र काहीच छापलेलं नसतं. आमचा गिरणीवाला भला माणूस. नातीचं दळण टाकायच्या आधी मूठभर तांदूळ फिरवून द्यायचा. तरी दगडांच्या खाचांत आणि पिठाच्या तोंडाशी आधीच्या गव्हाचं पीठ राहतंच.

म्हणून पडवीतलं जातं बाहेर काढलं. गिरणी आल्यापासून ते तसंच पडलं होतं. त्यावर कधीकाळी सणाचा गहू दळला असणार, म्हणून दोन्ही तळ्या घासून धुतल्या, उन्हात वाळवल्या, पाथरवटाकडून टाकी लावून घेतली. पहिलं पायलीभर दळण गाईला घातलं. तेव्हापासून या जात्यात गव्हाचा दाणा पडलेला नाही.

आजी पहाटे दळायला बसायची, ते घरात दुसरा मार्ग नव्हता म्हणून. मी बसते ती नातीसाठी. खुंट्याला माझ्या हाताखाली तिचा हात असतो आणि नाचणीचा घास तीच घालते.